धुळाबाचा वास

भैरूच्या कादंबरीवर सिनेमा निघतोय आणि आपल्याला त्यात काम मिळालंय हे कळल्यावर हेमांगी सावर्डेकरने पहिला फोन वडिलांना केला. लहानपणी त्यांनीच तिला ती कादंबरी वाचून दाखवली होती. धनगराचा कुत्रा भैरू कोकणातून परतताना घाटात कळपापासून चुकतो आणि नद्या, वणवे, लांडगे पार करत सात महिन्यांनी माणदेशात मालकाच्या तळावर पोचतो. शेवटच्या प्रकरणात भैरूला दुरून मालकाचा वास येतो आणि तो धावत सुटतो. त्या पानावर वडिलांचा आवाज दरवेळी अडकायचा. मग आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पोचतं हो ते कुत्रं सुखरूप. पन्नासदा वाचलंय, अजून रडताय काय?"

वडिलांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कुत्रा खरा घेणार की कॉम्प्युटरचा?"

"खरा."

"मग जा तू. पण त्याचे हाल होऊ देऊ नकोस."

"बाबा, मी असताना कसे होतील?" हेमांगी म्हणाली. पुढे हे वाक्य तिला फार दिवस टोचत राहिलं.

खऱ्या कुत्र्याचं अप्रूप वाटावं असे ते दिवस होते. कॉम्प्युटरने पाहिजे तो कुत्रा, पाहिजे तसा रडवता-हसवता येत होता आणि त्याचाच लोकांना वीट आला होता. म्हणून 'खरा प्राणी' असा शिक्का असलेल्या सिनेमांची लाट आली. त्यासाठी नियम मात्र कडक होते. प्राण्याला मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, औषध द्यायचं नाही, भेदरवायचं नाही. गळ्यातल्या पट्ट्यातून त्याची नाडी आणि श्वास दिवसभर निरीक्षकाच्या पडद्यावर दिसत राहायचे. एवढं सगळं पार पडलं की सिनेमाच्या सुरुवातीला ते वाक्य झळकवता यायचं: 'या चित्रपटात कोणत्याही प्राण्याला त्रास देण्यात आलेला नाही.'

भैरूच्या भूमिकेसाठी दिग्दर्शक माईणकरांनी निवडला तो पाखऱ्या. कारवानी जातीचा, लांब पायांचा, छातीवर पांढरा ठिपका. म्हसवडच्या पलीकडे राहणाऱ्या हौसाक्का नावाच्या धनगरणीचा तो कुत्रा. तिचा नवरा धुळाबा वर्षापूर्वी गेला होता. आक्काची मेंढरं व्यायला आली होती, त्यामुळे तिला तळ सोडता येईना. तिने पाखऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दीड महिन्यासाठी त्याला सिनेमाच्या माणसांच्या हवाली केलं.

पाखऱ्याने सगळं केलं. ओढ्यात उडी मारली, कडा चढला, आगीच्या धगीजवळून पळाला. अडलं ते शेवटच्या प्रसंगावर. कुत्र्याला वासाने हवं तिकडे वळवणं हे हेमांगीचं काम. तिने सोडलेल्या मटणाच्या वासावर तो धावायचा, पण माईणकर नकारार्थी मान हलवायचे. "हा मटणाकडेच धावतोय हो! दिसतंय ना तोंडावर! मला मालक दिसायला हवा." तीन दिवस असे गेल्यावर ते हेमांगीच्या तंबूत आले आणि तिच्या यंत्राकडे बघत उभे राहिले. युनिटमधली पोरं त्या यंत्राला अत्तराचा डबा म्हणायची.

"तुमचा डबा कुठल्याही माणसाचा वास करतो म्हणे?"

"कपडा मिळाला तर करतो."

"याच्या खऱ्या मालकाचा?"

 हेमांगी नको म्हणाली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

हे यंत्र पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनेच बनवलं होतं, दरडीखाली गाडल्या गेलेल्या माणसांसाठी. माणसाचा वास म्हणजे हवेत उडणाऱ्या काही शे रसायनांचं मिश्रण. त्यात कातडी, घाम, खाणंपिणं, तंबाखू, कातडीवरचे जंतू, सगळ्यांचा वाटा असतो आणि प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं. यंत्र कपड्यातून हवा ओढून घेतं, रसायनं वेगळी करतं, मोजतं आणि आपल्याजवळच्या तीनशे चाळीस बाटल्यांमधून तेच मिश्रण पुन्हा बनवतं. शोधपथकातल्या वीस कुत्र्यांना एकाच सदऱ्याचा वास मग हवा तितका देता येतो. गेल्या पावसाळ्यात या डब्यामुळे अकरा माणसं जिवंत निघाली होती.

त्यात आणखी एक खुबी होती आणि हेमांगीला डॉक्टरेट मिळाली होती ती त्या खुबीवर. वासातली हलकी रसायनं काही तासांत उडून जातात, जड असतात ती महिनोन्‌महिने राहतात. म्हणून जुन्या कपड्यातली जड रसायनं मोजून मूळची हलकी रसायनं किती असतील याचं गणित उलटं मांडता येतं. वर्षापूर्वी वापरलेल्या कपड्यातून माणूस आत्ताच उठून गेल्यासारखा ताजा वास तयार होतो.

"कपडा आणते मी," हेमांगी म्हणाली.

हौसाक्का कोकराला दूध पाजत होती. हेमांगीने मागणी केल्यावर तिने मान वर केली. "घोंगडं? त्ये कशाला वं?"

"पाखऱ्याला तिथं करमत नाही, आक्का. घरचं काही जवळ असलं की रुळेल."

खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. हेमांगीची अडखळली नाही.

आक्का आत गेली आणि काळं घोंगडं छातीशी धरून बाहेर आली. "त्येंचं हाय. न्या. पाखऱ्याचं लई कौतिक हुतं त्येस्नी. त्ये गेलं तवा ह्यो मातीपाशी जाऊन बसला. दहाव्याला कावळा शिवला, माणसं आपापल्या वाटंला लागली, पर ह्यो हलंना. भाकरी न्यावी तर तोंड फिरवायचा. चाळीस दिस! मग एक दिस आपला आपण उठला, आला, भाकर खाल्ली न् मेंढरामागं चालाय लागला. त्येचं त्येला कळलं म्हनायचं."

त्याला ते कसं कळलं हे हेमांगीला पक्कं ठाऊक होतं. तिच्याच प्रबंधात ते छापलेलं होतं: कुत्र्याला काळ वासाने कळतो. कालचा माग विरळ असतो, आजचा दाट. घरधनी बाहेर गेला की घरातला त्याचा वास पातळ होत जातो आणि किती पातळ झाला यावरून कुत्रं त्याची परतायची वेळ ओळखतं. तो पातळ होत होत पार विरला आणि पुन्हा दाट झालाच नाही, तर माणूस आता येणार नाही असं ते समजतं. पाखऱ्याने चाळीस दिवस तेच केलं होतं. धुळाबा विरेपर्यंत तो बसून राहिला होता.

हे सगळं माहीत असून हेमांगीने घोंगडं घेतलं. जीपमध्ये बसल्यावर तिने स्वतःला समजावलं, 'एका दिवसाचं तर काम आहे. आणि सिनेमा भैरूचा आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा टेकडीवरच्या खडकामागे ठेवला. धनगर झालेला नट खडकावर बसला. वारा टेकडीकडून खाली येत होता. हेमांगीने कळ दाबली.

माळावर उभ्या असलेल्या पाखऱ्याचे कान आधी मागे गेले. मग तो थरथरायला लागला, पायापासून कानापर्यंत. तोंडातून जो आवाज निघाला तो युनिटमधल्या कुणी कुत्र्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि तो सुटला. कुसळं तुडवत, तरवडाच्या झुडपांवरून उड्या घेत टेकडी चढला, नटापाशी पोचला, त्याला हुंगलं आणि ढकलून दिल्यासारखा मागे झाला. मग त्याने खडकाभोवती फेरी मारली. दुसरी मारली. पंजांनी खडकाखाली उकरलं. थांबून मान वर केली, वारा घेतला आणि पुन्हा उकरायला लागला.

"नटाला काढा! फ्रेममधून काढा त्याला!" माईणकर कुजबुजत ओरडत होते. त्यांचे डोळे वाहत होते. "मालक भेटायलाच नको. हाच आपला शेवट!"

सात टेक झाले. प्रत्येक वेळी डबा बंद करायचा, पाखऱ्याला खाली आणायचं, कळ दाबायची. माणूस एवढ्यात शहाणा झाला असता. पण नाकावर अविश्वास दाखवायला कुत्र्याला कुणी शिकवलेलं नसतं. सातही वेळा तो पहिल्यासारखाच धावला.

संध्याकाळी निरीक्षकाने पडदा तपासला. "धावल्यामुळे नाडी वाढलीय, एवढंच. शेपूट तर काय हलवत होता! डब्यातून विषारी काही सोडत नाही ना?"

"नाही," हेमांगी म्हणाली. त्याच्या फॉर्मवर मेलेल्या माणसाच्या वासासाठी रकाना नव्हता. गंधविभागाची प्रमुख म्हणून तिने त्याच्या सहीखाली सही केली.

मन मात्र तिला खात होतं. आईची एक शिकवण होती, उसनं आणलेलं भांडं कधी खरकटं परत करू नये आणि रिकामंही करू नये. शूटिंगच्या धावपळीत घोंगड्यात कुसळं अडकली होती, धूळ बसली होती. हेमांगीने ते कोल्हापूरला नेलं, चांगल्या दुकानातून ड्रायक्लीन करून आणलं, पातळ कागदात गुंडाळलं, वर एक इरकली लुगडं ठेवलं आणि पाखऱ्याबरोबर जीपने पाठवून दिलं. आठवडाभर तिला जरा बरं वाटलं.

तीन महिन्यांनी हौसाक्काचा फोन आला. "बाई, पाखऱ्या खाईना झालाय. मेंढरं टाकून त्या तुमच्या माळाला जातूय. तिथनं आला की येईल त्या मानसाला हुंगतूय. हाडं लागली त्येची. तुमी डागदर हाय न्हवं, बघा की काय तरी."

हेमांगी त्याच दिवशी निघाली. ती गाडीतून उतरली तसा पाखऱ्या धावत आला, तिचे हात हुंगले, एकेक बोट हुंगलं आणि तिच्या मागे, गाडीखाली, दाराआड बघून आला. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

आपण काय केलं हे तिला तिथे उभ्या उभ्या दिसलं. माणूस जातो तेव्हा त्याचा वास हळूहळू विरतो. डब्यातला वास दार लावल्यासारखा एकदम बंद झाला होता. कुत्र्याच्या लेखी असा माणूस मेलेला नसतो. तो इथेच कुठेतरी अडकलेला असतो आणि त्याला शोधायचं असतं.

आक्काने चहा दिला. खोपटात दोरीवर घोंगडं होतं, कागदातून न काढलेलं. हेमांगीची नजर तिकडे गेली तशी आक्का म्हणाली, "धुतलंत व्हय त्ये. असू द्या. तुमच्याकडं तशी रीत आसंल."

"खराब झालं होतं, आक्का, म्हणून..."

"व्हय की. तुमी चांगल्यासाठीच केलं." आक्काने चुलीतलं लाकूड आत सारलं. "म्या निजताना तोंडावर घ्याची. त्येंचा वास हुता त्यात. आता निसता दुकानाचा वास येतूया."

हेमांगीने कप खाली ठेवला. वासाची विद्या शिकलेली बाई ती, जगातला कुठलाही वास ओळखेन म्हणून मिरवणारी! आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कुत्र्याचा मालक तिने परत आणला होता आणि बाईचा नवरा धुऊन टाकला होता.

मग तिने सगळं सांगितलं. डबा, टेकडी, सात टेक, खोटं बोलून नेलेलं घोंगडं. सांगताना तिने मान वर केली नाही. आक्का शिव्या देईल, हाकलून देईल अशी तिची अपेक्षा होती. तशी तिची इच्छाच होती म्हणा ना. पण आक्काने विचारलं ते भलतंच.

"म्हंजी त्येंचा वास तुज्याजवळ हाय?"

आक्काचं अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. हेमांगीने गाडीतून डबा आणला. कागदाच्या एका पट्टीवर एक थेंब घेतला आणि पट्टी आक्काच्या हातात दिली.

आक्काने ती नाकाशी नेली. डोळे मिटले. "ह्येच," ती म्हणाली. "तंबाकू... न् मेंढराची लोकर... न् उनातनं आल्याव मानंला यायचा त्यो." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. लग्नातल्या फोटोत हसावं तशी.

"आक्का, मी तुम्हाला हा हवा तेवढा करून देईन," हेमांगी घाईघाईने म्हणाली. "तुम्ही असेपर्यंत. कधी संपणार नाही." निदान एक तरी चूक भरून निघेल असं तिला वाटलं.

तेवढ्यात पाखऱ्या आत घुसला. तोच थरथराट, तोच आवाज. तो आक्काच्या हाताशी आला, पट्टी हुंगली, मग बाजेखाली शिरला, कणगीमागे गेला, दाराबाहेर पळाला, खोपटाला वेढा घालून पुन्हा आत आला. दुसऱ्यांदा बाजेखाली शिरताना त्याचे मागचे पाय लटपटले आणि तो बसला. बसूनही तो जमीन उकरत होता.

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

"मला ठावं हाय त्ये गेलं म्हनून," ती म्हणाली. "ह्येला न्हाई." तिने पट्टी हेमांगीच्या हातात परत दिली. द्यायला तिला वेळ लागला. "मला नगं ह्ये. पाखऱ्याचं काय तरी कर. तू त्येस्नी आनलंस, आता पोचवायचं बी तूच."

उलटं मांडलेलं गणित आता सुलटं मांडायचं होतं. आधी हलकी रसायनं उडवायची, मग मधली, शेवटी जड. खऱ्या माणसाचा वास विरतो तितक्याच सावकाश, चाळीस दिवसांत. घाई केली तर पाखऱ्याला ते पुन्हा दार लावल्यासारखं वाटलं असतं. हेमांगीने प्रयोगशाळेत रजा टाकली, म्हसवडमध्ये खोली घेतली आणि रोज सकाळी यायला लागली. धुळाबाला जिथे पुरलं होतं तिथल्या दगडावर ती त्या दिवसाची पट्टी ठेवायची. पाखऱ्या आधीच येऊन बसलेला असायचा. पट्टी ठेवायच्या आधी आक्का ती एकदा नाकाशी न्यायची आणि परत द्यायची.

पहिले दहा दिवस पाखऱ्या दगडाभोवती उकरायचा. मग तो नुसता पडून राहायला लागला. हेमांगी आली की तिचे हात चाटायचा, कारण त्या हातांना धुळाबाचा वास असायचा. हे प्रेम आपलं नव्हे हे तिला कळत होतं आणि हात काढून घेणं तिला जमत नव्हतं.

सिनेमा लागायला आठ दिवस राहिले तेव्हा तिने माईणकरांना फोन केला. सुरुवातीचं वाक्य काढा म्हणाली.

"का? त्याला मारलं का आपण?"

"नाही."

"उपाशी ठेवलं?"

"नाही. आता तो स्वतःहून उपाशी राहतोय."

"हेमांगी, कागदोपत्री सगळं ठीक आहे. तू दमली आहेस. प्रीमियरला ये, लोक कसे रडतात ते बघ."

सही मागे घेत असल्याचं पत्र तिने पाठवलं. निरीक्षकाची एक सही पुरेशी आहे असं उत्तर आलं. सिनेमा वाक्यासकट लागला आणि धो धो चालला. वडिलांनी तो पहिल्या दिवशी पाहिला आणि फोन केला.

"शेवट बदललात तुम्ही? मालक भेटत नाही त्याला?"

"नाही, बाबा."

 "ते कुत्रं खरंच शोधत होतं गं," वडील म्हणाले. "अभिनय नव्हता तो." 

एकोणचाळिसाव्या दिवसाच्या पट्टीवर माणसाच्या नाकाला काहीच लागत नव्हतं. चाळिसाव्या दिवसाची पट्टी कोरी होती. आक्काने ती नेहमीसारखी नाकाशी नेली. खूप वेळ धरून ठेवली.

"आज काय न्हाई," ती म्हणाली.

"नाही, आक्का."

पट्टी दगडावर ठेवली. पाखऱ्याने ती हुंगली, दगड हुंगला, दगडाभोवतीची माती हुंगली. मग तो हेमांगीकडे आला. तिचे हात हुंगले, एकेक बोट, सावकाश. आज त्यावर फक्त तिचाच वास होता. त्याने मान वळवली, एकदा अंग झाडलं आणि मेंढरांच्या दिशेने चालायला लागला. ती माघारी बोलवेल याची त्याने वाट पाहिली नाही.

"गेलं गं बाई," आक्का म्हणाली. "आता गेलं." आणि ती दगडापाशी खाली बसली. धुळाबा गेला तेव्हा चारचौघांत घालायचा राहिला असेल तो हंबरडा तिने आत्ता घातला. हेमांगी तिच्या पाठीवर हात ठेवायला वाकली, पण तो ठेवायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून तशीच उभी राहिली.

खोपटात आल्यावर हेमांगीने डबा उघडला आणि आक्कासमोर धुळाबाचं सूत्र पुसून टाकलं. यंत्राने दोनदा विचारलं, नक्की पुसायचं का. दोन्ही वेळा तिने आक्काकडे बघितलं आणि दोन्ही वेळा आक्काने मान हलवली.

मग आक्काने चुलीवर तवा टाकला. एक भाकरी भाजली. तिचे तीन तुकडे केले. एक दारात येऊन उभ्या राहिलेल्या पाखऱ्यापुढे टाकला, एक स्वतः घेतला आणि तिसरा हेमांगीपुढे धरला.

"मला नको, आक्का," हेमांगी म्हणाली. "माझ्या गळ्याखाली उतरणार नाही."

"उतरत न्हाईच त्यो," आक्का म्हणाली. "कडू घास हाय. मानूस पोचवून आल्याव खावाच लागतूय. तू बी पोचवलंस न्हवं? खा."

हेमांगीने घास तोंडात घातला. दारात पाखऱ्या, डोळे मिटून, चावून चावून भाकरी खात होता.